‘किल -९’लाही न जुमानणारा थ्रेड

आरएमएमओडी (कर्नलमधून मॉड्यूल काढायची आज्ञा) मारलं आणि टर्मिनल तिथंच थांबलं. कंट्रोल-सी चालेना. दुसऱ्या टर्मिनलवरून मॉड्यूलच्या थ्रेडला किल -९ (सक्तीनं मारायची आज्ञा) दिला, तरी तो जागचा हलला नाही. युजरस्पेसमध्ये (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रॅममध्ये) मी बरीच वर्षं काढली आहेत, पण लिनक्सचं कर्नल मॉड्यूल, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात चालणारा कोड, लिहायची ही पहिलीच वेळ होती. माझ्या ओळखीचं एकही हत्यार इथं चालत नव्हतं.

मॉड्यूलचं काम साधं होतं. एक कर्नल थ्रेड टीसीपी सॉकेटवरून सेन्सरचा डेटा वाचत बसायचा. बंद करताना मी कर्नलचं केथ्रेड_स्टॉप हे फंक्शन बोलवत होते. ते ‘थांब’ अशी खूण लावतं, थ्रेडला उठवतं आणि तो संपेपर्यंत वाट बघतं. पण माझा थ्रेड सॉकेटवरून डेटा घेणाऱ्या रिसीव्ह फंक्शनच्या आत होता. तिथल्या लूपला डेटा हवा असतो, तुमच्या खुणेशी तिला देणंघेणं नाही. डेटा येईना, थ्रेड माझ्या कोडपर्यंत परतेना आणि आरएमएमओडी लटकलेलं. किल -९ का चालला नाही, तर कर्नल थ्रेड जन्मापासूनच सगळे सिग्नल (प्रोसेसला पाठवायच्या सूचना) दुर्लक्षित करतात, किल -९ पाठवतो तो सिगकिलसुद्धा.

मग मी पहिली चूक केली. अलाउ_सिग्नल वापरून थ्रेडला सिगटर्म (‘आता संप’ सांगणारा सिग्नल) घ्यायची मुभा दिली आणि केथ्रेड_स्टॉपच्या आधी तो सिग्नल पाठवला. रिसीव्ह लगेच परतलं, मॉड्यूल निघालं. मी खूश होते.

ज्यावर हे चालत होतं तो बोर्ड रीबूट केला आणि सिरीयल कन्सोलवर माझ्याच एरर मेसेजचा पूर आला: -५१२, -५१२, -५१२, म्हणजे ‘सिग्नलमुळे काम अडलं’. बोर्डावर बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाचा इनिट (सिस्टम सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) होता. बंद होताना तो सगळ्या प्रोसेसना आधी सिगटर्म आणि थोड्या वेळानं सिगकिल पाठवतो. एरवी कर्नल थ्रेडना त्याची झळ लागत नाही, पण माझ्या थ्रेडचं दार मीच उघडून ठेवलं होतं. (लॅपटॉपवर हे कधी दिसलंच नसतं. तिथला इनिट, सिस्टमडी, शटडाउनला कर्नल थ्रेड वगळतो.)

हाच प्रकार हातानं करून बघितला. चालू थ्रेडला किलनं सिगटर्म पाठवला, टॉपमध्ये तो सीपीयूच्या १०० टक्क्यांवर गेला. टीममधले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “अगं, प्रॉक डिरेक्टरीत त्याचं स्टेटस उघडून बघ.” उघडलं. शेअर्ड पेंडिंगच्या (न उचललेल्या सिग्नलच्या) ओळीत शून्यांच्या शेवटी ४००० दिसत होतं. सिगटर्म हा १५ वा सिग्नल, त्याचा बिट सोळाच्या पद्धतीत ४०००. पाच मिनिटांनी पुन्हा बघितलं, तेच.

तिथं मला खरी गोम कळली. साध्या प्रोसेसचा सिग्नल ती युजरमोडमध्ये परतताना कर्नल स्वतः हाताळतो. कर्नल थ्रेड युजरमोडमध्ये जातच नाही. त्यामुळे आलेला सिग्नल थ्रेडनं स्वतः उचलला नाही तर तसाच पडून राहतो, आणि तो पडून आहे तोवर डेटा नसताना रिसीव्हमध्ये झोपणं शक्य नाही. ते दर वेळी -५१२ घेऊन परत येतं. माझी लूप त्या नोटिशीकडे न बघता पुन्हा आत जात होती.

दुसरी चूक घाईतली होती: सिग्नल आला की थ्रेडनं सरळ बाहेर पडायचं. सीपीयू शांत झाला. मग आरएमएमओडी मारलं आणि कर्नल कोसळला. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू करून पुन्हा तेच केलं, तर मोकळी झालेली मेमरी वापरल्याची तक्रार आली. थ्रेड आधीच संपून त्याची टास्क-रचना (कर्नलमधली त्याची नोंद) मोकळी झाली होती आणि केथ्रेड_स्टॉप तोच जुना पत्ता धरून आत शिरलं होतं.

जेएफएफएस२ फाइलसिस्टमचा कचरा-गोळा थ्रेड सिग्नल घेतो, तर तो हे कसं सांभाळतो ते वाचलं. तो सिग्नल स्वतः रांगेतून काढतो, आणि मरण्याआधी लॉक घेऊन स्वतःकडे येणारा पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, करतो. बंद करणाराही त्याच लॉकखाली तो पॉइंटर तपासतो. इतकी काळजी घ्यायची असेल तर सिग्नल घ्यावेत. मला मुळात त्यांची गरजच नव्हती.

शेवटी अलाउ_सिग्नल काढून टाकलं. बंद करताना आधी ‘आता पुन्हा जोडू नकोस’ असा स्वतःचा फ्लॅग लावते, मग सॉकेट शटडाउन करते. रिसीव्ह शून्य घेऊन परततं. थ्रेड फ्लॅग बघतो, पण मरत नाही. केथ्रेड_शुड_स्टॉप (‘थांब’ची खूण लागली का ते सांगणारं फंक्शन) खरं होईपर्यंत झोपून राहतो. त्या झोपेत क्रम महत्त्वाचा: आधी स्वतःची अवस्था इंटरप्टिबल (उठवता येईल अशी झोप) करायची, मग खूण तपासायची, मग शेड्यूल बोलवून झोपायचं. उलट केलं तर मधल्या क्षणी आलेली हाक हुकते. त्यानंतर केथ्रेड_स्टॉप, आणि सगळ्यात शेवटी सॉकेट सोडायचं.

राहिला रीबूट. बिझीबॉक्सच्या इनिटटॅब या सेटिंग फाइलमधल्या शटडाउनच्या ओळी सिग्नल पाठवण्याआधी चालतात. आरएमएमओडी आता तिथं टाकलं आहे.