मामाची उघाडी

रविवार, रात्रीचे साडेदहा

पाय अजून खाजतायत खाडीच्या चिखलाने, पण आजचं आजच लिहून ठेवते. उद्या ऑफिसला गेले की अर्धं विसरायला होईल.

सकाळी मामीचा फोन आला. "बाय, आज गावकी हाय. तू ये. कागद वाचाला कोन तरी आपला पायजे." सीवूड्सला उरण लोकल पकडली. ही गाडी उरणपर्यंत गेली १२ जानेवारी २०२४ ला. त्याआधी मामाकडे जायचं म्हणजे दोन एसट्या बदलून निम्मा दिवस जायचा. आता खिडकीत बसून बामणडोंगरी, खारकोपर करत आरामात पोचते. मला ही गाडी मनापासून आवडते. त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं आणि मामाच्या गावात अनोळखी गाड्या दिसायला लागल्या. रस्त्याच्या कडेला थांबायचं, काच खाली करायची आणि पोरांना विचारायचं, "इथे जागा कुणाची आहे?"

उरणहून रिक्षाने खोपटा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना कंटेनर यार्ड सुरू होतात. पूर्वी इथे भातखाचरं होती, मी लहानपणी पाहिलेली. आज ट्रेलरची रांग पार रस्त्यावर आली होती. रिक्षावाला चाक मातीत उतरवून उतरवून चालवत होता. शाळेची पोरं याच कडेने सायकलने जातात, हे तोच सांगत होता.

गावकी देवळाच्या सभामंडपात होती. पुरुष पुढे, बायका खांबामागे, नेहमीसारखं. मला मात्र पुढे बसवलं, कागदासाठी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी एमएमआरडीएला, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला, नेमलं. उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतली १२४ गावं, क्षेत्र ३२३ चौरस किलोमीटरच्या वर. लोक याला तिसरी मुंबई म्हणतात. मी एकेक ओळ वाचून साध्या बोलीत सांगत गेले. गावोगावी हरकतींचे अर्ज भरले गेले होते, आमच्याही घरातून गेले होते. अर्ज भरून झाला म्हणजे काळजी मिटली असं मात्र कुणाच्याही तोंडावर दिसत नव्हतं.

पहिला तास सगळा टक्क्यांत गेला, म्हणजे दिलेल्या जमिनीच्या बदल्यात किती टक्के विकसित भूखंड परत मिळणार यात. नवी मुंबईला साडेबारा टक्के, विमानतळाच्या गावांना साडेबावीस, विमानतळाभोवतीच्या नैना क्षेत्रात साठ टक्के द्या आणि चाळीस ठेवा, मग आपल्याला किती? आकडे सगळ्यांना तोंडपाठ आहेत. असणारच. त्या साडेबारा टक्क्यांच्या मागे १९८४ च्या जानेवारीत जमिनीसाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर झालेला गोळीबार आहे, पाच हुतात्मे आहेत, दि. बा. पाटलांनी उभा केलेला लढा आहे. आमच्या आगरी-कोळ्यांच्या घरात मूल बोलायला लागतं तेव्हापासून हे ऐकतं. म्हणून टक्क्यांवर बोलणाऱ्या माणसांना हावरट म्हणणाऱ्या शहरातल्या लोकांचा मला राग येतो. एकदा फसलेला माणूस दुसऱ्या वेळी मोजणारच.

पण मग खांबामागून मामी बोलली. गावकीत बायका सहसा बोलत नाहीत, त्यामुळे सगळे वळले. ती एवढंच म्हणाली, "आनि उघाडीचा काय?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. माझ्या हातातल्या कागदांतही नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी मामाबरोबर बांधावर गेले. गुरुवारी गुरुपौर्णिमा झाली, उधाण अजून ओसरलेलं नाही. दुपारी भरती पूर्ण चढलेली होती. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाणी तिवरांच्या फांद्यांपर्यंत आलं होतं, आतल्या अंगाला हिरवी खाचरं, आणि मधे जेमतेम दोन माणसं चालतील एवढी मातीची वाट. आतली जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. हे आपण वाचतो तेव्हा कळत नाही, तिथे उभं राहिलं की पोटात गोळा येतो.

उघाडी म्हणजे त्या बांधाच्या पोटातलं दार. झडप बाहेरच्या बाजूला असते. भरतीचं पाणी तिला दाबतं तेव्हा ती आपोआप मिटते आणि खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मोटर नाही, वीज नाही. पण झडपेत लाकूड, प्लास्टिक, तिवराची मुळी अडकली की सगळं फसतं, म्हणून कुणीतरी रोज बघावं लागतं. माझ्या पणजोबांच्या काळी बांध अख्खा गाव मिळून राखायचा, ज्याचं जेवढं शेत तेवढे त्याचे दिवस. १९४८ मध्ये खार जमिनींचा कायदा झाला, पुढे १९७९ चा आला, बांधाचं काम सरकारी खात्याकडे गेलं. तरी उधाणाच्या रात्री बॅटरी घेऊन निघतात ती गावातलीच माणसं. मामा सत्तरीला आलाय, अजून जातो.

मामाच्या शेताला लागून असलेलं खाचर दोन वर्षांपूर्वी विकलं गेलं. घेणाऱ्याने लाल मुरूम टाकून ते रस्त्याच्या उंचीला आणलं, पत्र्याचं कुंपण घातलं. गोदाम होणार आहे. पूर्वी मामाच्या खाचरातलं पाणी त्या खाचरात, तिथून पुढच्यात आणि तिथून उघाडीकडे जायचं. आता मधेच भिंत. तक्रार केल्यावर भरावातून एक पाइप टाकून दिलाय, माझा हात कोपरापर्यंत जाईल एवढाच. त्याच्या तोंडाशी आज गवत, पिशव्या आणि एक फाटकी चप्पल अडकलेली होती.

लावणी होऊन दहा दिवसही झालेले नाहीत. राताचं भात आहे, खाऱ्या जमिनीत तग धरणारं जुनं बियाणं. पण मुळाशी खार सोसणारं रोपसुद्धा डोक्यावरून पाणी गेलं की सोसत नाही. मामाने वाकून एक रोप उपटलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. शेंडा हिरवा होता, पण बुडाकडे काडी मऊ पडून तपकिरी झालेली, चिमटीत धरली तर सालासारखी सुटून आली. मग त्याने बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं. "खारा नाय," म्हणाला. "पावसाचा हाय. जायाला वाट नाय फक्त."

मी तिथे उभी राहून बराच वेळ तोच विचार करत होते. सातबारा प्रत्येकाचा वेगळा आहे. विकायचा हक्क ज्याचा त्याला आहे, आणि तो असलाच पाहिजे. पण पाण्याची वाट कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही. त्या शेजाऱ्याने स्वतःची जमीन विकली, आणि मामाचं खाचर मामाला न विचारता बुडलं. उद्या मामाही कंटाळून विकेल, मग पलीकडचा बुडेल. यालाच कागदावर मालकाची संमती म्हणतात. पहिल्याने राजीखुशीने दिलेली असते, दहाव्यापर्यंत येता येता ती नाइलाजाने दिलेली असते. विमानतळासाठी टेकडी कापली, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली. पण विमानतळाशेजारच्या ज्या डुंगी गावच्या लोकांच्या घरात भरावानंतर पावसाचं पाणी शिरलं, त्यांना भरावाच्या आधी कुणी पाण्याची वाट विचारली होती?

मामेभाऊ परत येताना भेटला. तो ट्रेलर चालवतो. मी भरावाविषयी बोलायला लागले तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, भात वर्षभर घरी खायला पुरतो, बस. पोराच्या कॉलेजची फी भाताच्या पोत्यांनी भरू का? तू तिकडे फ्लॅटमध्ये राहतेस म्हणून तुला शेत छान वाटतं."

त्याचं हे बोलणं मला लागलं, कारण ते खरं आहे. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको झाली आणि ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात आमचं करावे गावही. आजोबांची जमीन गेली तेव्हा बाबा शाळकरी होते. साडेबारा टक्क्यांचा भूखंड हातात आला तोवर आजोबा नव्हते. चार भावांत वाटे झाले, बिल्डरला दिला, त्यातून हा फ्लॅट आला. ज्या खोलीत बसून मी हे लिहितेय ती त्याच जमिनीची किंमत आहे. मी शिकले, नोकरीला लागले, हेही त्यातूनच. हे नाकारून गावाला उपदेश करायला जाणार नाही.

पण आजी काय करायची ते भावाला सांगायचं राहून गेलं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढायचे तेव्हा ती मासे धरायची आसू घेऊन बांधावर जायची. निवट्या, चिंबोऱ्या, खरबी. बाजारात बसून स्वतः विकायची आणि तो पैसा तिच्या पदरात असायचा. जमीन आजोबांच्या नावावर होती, मोबदला त्यांना मिळाला. खाडी कुणाच्याच नावावर नव्हती, म्हणून तिच्या मासळीचा मोबदला कुणालाच मिळाला नाही. आजी नंतर लोकांकडे धुणीभांडी करायला लागली. आज मामीच्या टोपलीत निम्म्याहून जास्त माल त्या उघाडीच्या तोंडाशीच सापडलेला असतो. ती उठून बोलली ते उगाच नाही.

संध्याकाळी पुन्हा देवळात बसलो, दहा-बारा जणच. नवीन अर्ज लिहायचा ठरला. मी म्हटलं, टक्का नंतर लिहू, आधी पाणी लिहू. थोडी कुरकुर झाली. एक आजोबा म्हणाले, पाण्याला कोण विचारतो, पैशाचं लिही. शेवटी सगळे तयार झाले ते मामाने पिशवीतून ती कुजलेली रोपं काढून पाटावर ठेवली तेव्हा. लिहिलं ते असं: गावातल्या सगळ्या उघाड्या, नाले आणि खाजणं आधी नकाशावर दाखवा, गावकऱ्यांना सोबत घेऊन. एकही नवा भराव त्याच्या आधी नको. जे भराव झालेत त्यांतून पाण्याला पुरेशी वाट काढून द्या. खाडीवर पोट असलेल्या बायकांची नावं वेगळ्या यादीत घ्या, सातबारा असो वा नसो. टक्क्यांचं त्यानंतर लिहिलं, तेही ठामपणे लिहिलं.

मामेभाऊ उशिरा आला. अर्ज वाचला, काही बोलला नाही, सही केली.

निघताना ओहोटी लागली होती. मामा पुढे, मी मोबाइलची बॅटरी धरून मागे. त्याने बांबूने झडपेत अडकलेला ओंडका ढकलला. आधी काही झालं नाही, मग एकदम झडप उचलली गेली आणि आतलं गढूळ पाणी जोरात खाडीत पडायला लागलं. त्याच्या खाचरातलं मात्र तिथपर्यंत पोचत नव्हतं.

पुढच्या रविवारी भरावाची उंची आणि पाइपाचं तोंड मोजायचं ठरलंय, अर्जाला फोटो आणि मापं जोडायची आहेत. ऑफिसमधली तीस मीटरची टेप मागून घ्यायला हवी. मामीने डब्यात चिंबोऱ्यांचं कालवण दिलंय, ते फ्रीजमध्ये ठेवून झोपते.