सीजीपीए ७.२ आणि उरलेले ४० क्रेडिट

रविवार, जुलै. पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

अंतिम वर्षाला गेलेल्या मुलांचा या दिवसांत एकच प्रश्न असतो: सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरच्या ग्रेडची क्रेडिटनुसार काढलेली सरासरी, दहापैकी) कमी आहे, डेटा सायन्सच्या एमएसला ॲडमिशन मिळेल का? आधी वहीत हिशेब मांडावा. डिग्री १६० क्रेडिटची, १२० झाले, सीजीपीए ७.२. उरलेल्या ४० क्रेडिटना सरसकट ९ पडले तरी (१२० × ७.२ + ४० × ९) ÷ १६० = ७.६५. जीव तोडून अभ्यास केला तरी आकडा एवढाच हलणार. हे आज कळलं तर वर्ष नीट वापरता येतं.

कारण अर्ज तपासणारे सरासरीवर थांबत नाहीत, मार्कशीटच्या ओळी वाचतात. एम-थ्री (इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर), प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा, डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (डेटाबेसचा विषय). मशीन लर्निंगला ‘ओ’ म्हणजे सर्वोच्च ग्रेड आणि एम-थ्रीला काठावर पास, ही जोडी मला तरी खटकते. जुनी ओळ आता बदलत नाही. नवा पुरावा मात्र उभा करता येतो. सातव्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्सचं इलेक्टिव्ह घ्यावं. एनपीटीईएलचा (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) १२ आठवड्यांचा कोर्स केला तर केंद्रावर जाऊन परीक्षाही द्यावी, नुसते व्हिडिओ पाहिल्याला वजन नाही. गेटमध्ये (एमटेकची प्रवेश परीक्षा) २०२४ पासून ‘डीए’ हा डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. त्यात प्रोबॅबिलिटी, लिनिअर अल्जिब्रा आणि ऑप्टिमायझेशन भरपूर आहे, स्कोअर तीन वर्षं चालतो. देशातच एमटेक करायचं असेल तर माझ्या मते पहिला जोर इथेच लावावा.

जर्मनीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट आत्ताच बघून ठेवावी. तिथे ग्रेड बदलायचं सूत्र असं: १ + ३ × (कमाल − तुमचा) ÷ (कमाल − पासिंग). आकडा जितका लहान तितका चांगला. सीजीपीए ७.५ धरा. पासिंग ग्रेड पॉइंट ४ असेल तर उत्तर २.२५ येतं, ५ असेल तर २.५. बऱ्याच कोर्सची अट २.५ चीच असते. म्हणजे एकाच सीजीपीएचे दोन विद्यार्थी, एक आरामात आत, दुसरा उंबरठ्यावर. ट्रान्सक्रिप्टवर किंवा मार्कशीटच्या मागे पासिंग पॉइंट स्पष्ट छापलेला आहे का, हे आधी पाहावं. नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या, किंवा कॉलेज ऑटोनॉमस असेल तर तिथल्या, परीक्षा विभागातून ते लेखी घ्यावं. सोबत प्रत्येक विषयाचा सिलॅबस तासांसकट काढून ठेवावा, कारण गणिताचे क्रेडिट त्यावरूनच मोजले जातात. व्हिसासाठी एपीएसचं (शैक्षणिक कागदपत्रं तपासणारं जर्मन कार्यालय) सर्टिफिकेटही लागतं. त्याला वेळ जातो.

आता प्रोजेक्ट. तयार डेटासेटवरचे प्रोजेक्ट ढिगाने येतात. कोल्हापूरच्या मुलाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी हा विषय दाराशीच आहे: इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. रोजचा पाऊस, राधानगरी धरणाचा विसर्ग आणि कालची पातळी घेऊन उद्याची पातळी काढायची. इथे हमखास होणारी चूक म्हणजे नोंदी पिसून ट्रेन-टेस्ट (मॉडेलला शिकवायच्या आणि तपासायच्या नोंदी) पाडणं. मग १२ तारीख ट्रेनिंगमध्ये, १३ टेस्टमध्ये, १४ पुन्हा ट्रेनिंगमध्ये. मॉडेलला दोन्ही बाजूंची उत्तरं आधीच दिसलेली असतात आणि अचूकता खोटी फुगते. तारखेनेच तोडावं: २०१८ पर्यंत शिकवायचं, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांवर तपासायचं. स्केलिंगही (आकडे एका मापात आणणं) फक्त ट्रेनिंगच्या नोंदींवरून. आणि ‘उद्याची पातळी आजच्याइतकीच’ या साध्या अंदाजाशी आरएमएसईची (अंदाज सरासरी किती चुकतो त्याचं माप) तुलना करायचीच. ४३ फुटांच्या वर मॉडेल किती चुकतं, हे वेगळं काढावं. शिकवताना इतकी पातळी फारशी दिसलेलीच नसल्याने ते तिथे कमी सांगण्याची शक्यता जास्त. स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये (अर्जासोबतचा, हा कोर्स का करायचा ते सांगणारा निबंध) नेमकी ही चूक आणि तिचं कारण पाच-सहा ओळींत लिहावं.