बारा गावचं पाणी

परवा संध्याकाळी शेजारच्या आजोबांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून निकोला अनेल्का या फ्रेंच फुटबॉलपटूला ‘मर्सिनरी’ म्हटलं आणि मी नको तितकी चिडले. मर्सिनरी म्हणजे भाडोत्री, जो पैसे मोजेल त्याच्या बाजूनं लढणारा. समोर टेबलावर माझे ब्रिटिश नागरिकत्वाचे कागद पसरलेले होते. चिडायचं खरं कारण बहुतेक तेच होतं, पण हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं.

झालं असं की, अर्जाला दोन रेफरी लागतात. रेफरी म्हणजे शिट्टीवाला नव्हे, तुमचा फोटो लावलेल्या फॉर्मवर सही करून ‘हिला मी ओळखतो’ असं लिहून देणारा माणूस. अट अशी की ओळख किमान तीन वर्षांची हवी. वाचलं तेव्हा काही वाटलं नाही. मग नावं शोधायला बसले आणि लक्षात आलं की नेरूळ सोडल्यापासून माझी कुणाशीच सलग तीन वर्षं ओळख टिकलेली नाही. पुणे दोन वर्षं, मस्कत अडीच, कार्डिफ दीड, लेस्टर दोनला थोडं कमी. फिजिओथेरपिस्टला काम सगळीकडे मिळतं, हा आमच्या धंद्यातला वर आणि शापही. आई फोनवर दर रविवारी म्हणते, “पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. आता तरी एका जागी बूड टेक.” टेकलंय की! इंग्लंडमधल्या या बोल्टनमध्ये तीन वर्षं सात महिने झाले. एक रेफरी वॉर्डातल्या डॉक्टरबाई मिळाल्या. दुसरे हे आजोबा. वय ब्याऐंशी, एकटे राहतात. मी नाइटला असले की माझा कचऱ्याचा बिन न सांगता रस्त्यावर लावतात आणि गाडी येऊन गेली की परत आत आणतात. मला ‘लव्ह’ म्हणतात. मी त्यांना त्यांच्या सांगण्यावरून नावानं हाक मारते. जीभ अजून अडखळते.

तर फॉर्मवरचं जन्मगाव वाचून त्यांनी विचारलं, “नेरूळ म्हणजे मुंबईत कुठे?” मी म्हणाले, “नवी मुंबई. तिथे एक मोठं स्टेडियम आहे, डी. वाय. पाटील.” त्यांनी चष्मा काढला. “अनेल्का शेवटी जिथे गेला ते?”

बोल्टनच्या माणसाला डी. वाय. पाटील ठाऊक असण्याचं दुसरं कारणच नाही. अनेल्का एकेकाळी बोल्टनच्या क्लबकडून खेळला आणि सोडून गेला. आपल्याकडे एखाद्या घरातली सून भांडून गेली की पुढची वीस वर्षं ती कुठे राहते याची खडान् खडा माहिती सासरच्यांना असते, तसलाच हा प्रकार.

हिशेब सांगते. पॅरिस, आर्सेनल, रेआल माद्रिद, परत पॅरिस, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, इस्तंबूलचं फेनरबाचे, बोल्टन, चेल्सी, शांघाय, युव्हेंटस, वेस्ट ब्रॉम आणि मुंबई सिटी. पॅरिस एकदाच धरलं तर बरोबर बारा क्लब. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस म्हणतात तो हा (लंडन दोनदा आलं म्हणून गावं अकराच, असं आजोबांनी लगेच दाखवून दिलं). आर्सेनलनं 1997 मध्ये त्याला साधारण 5 लाख पौंडांत आणला आणि 1999 मध्ये रेआलला 2 कोटी 20 लाखांच्या वर विकला. त्या पैशानं आर्सेनलनं नवं सराव मैदान उभं केलं, असं खुद्द त्यांचे लोक सांगतात. माद्रिदमध्ये सरावाला जायला नकार दिला म्हणून 45 दिवसांची बंदी आली, आणि त्याच मोसमात चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये बायर्नविरुद्ध दोन्ही मॅचमध्ये गोलही केले. पोरगा तेव्हा एकवीस वर्षांचा. एकविसाव्या वर्षी मी वाशीच्या क्लिनिकमध्ये दुखण्यावर करंट द्यायच्या आयएफटी यंत्राची वायर सोडवत बसले होते.

पण आजोबांना माद्रिदशी घेणंदेणं नाही. त्यांचं दुखणं ऑगस्ट 2006 ते जानेवारी 2008 या सतरा महिन्यांचं. बोल्टननं तेव्हा 80 लाख पौंड मोजले, क्लबच्या इतिहासात तोवर कुणासाठी मोजले नव्हते इतके. तो आला, आणि सुरुवातीचे काही महिने लीगमध्ये गोलच नाही. मग नोव्हेंबरमध्ये आर्सेनल इथे खेळायला आलं, बोल्टन 3-1 नं जिंकलं, त्यातले दोन याचे. पुढच्या वर्षी पुन्हा नोव्हेंबरातच मँचेस्टर युनायटेडला 1-0 नं हरवलं, गोल याचाच. त्या गोलबद्दल बोलताना आजोबांचा हात आपोआप वर जातो, कपातला चहा हिंदकळतो. “आणि ऑगस्टमध्ये नव्या करारावर सही केली होती त्यानं. ऑगस्टमध्ये सही, जानेवारीत चेल्सी. आम्ही लीगच्या तळाशी गटांगळ्या खातोय आणि आमचा गोल करणारा गेला!”

इथे मी चूक केली. मी म्हणाले, “पण 80 लाखांचे दीड कोटी घेऊन विकला तुमच्याच क्लबनं. सही काय त्याची एकट्याची असते?”

मग आले नॅट लॉफ्टहाउस. इथे कुठलाही वाद शेवटी लॉफ्टहाउसपाशी येऊन थांबतो, जसा आपल्याकडे शिवाजी महाराजांपाशी. बोल्टनमध्ये जन्मले, बोल्टनमध्ये वारले, मधली सगळी कारकीर्द बोल्टनसाठी. लीगमध्ये 255 गोल, इंग्लंडसाठी 33 मॅचमध्ये 30. युद्धकाळात कोळशाच्या खाणीतही काम केलं. स्टेडियमबाहेर पुतळा आहे, एका स्टँडला नाव आहे. 1958 च्या एफ. ए. कप फायनलला दोन्ही गोल त्यांचे, तेव्हा आजोबा सोळा वर्षांचे होते. मला ते पहिल्याच वर्षी पुतळा दाखवायला घेऊन गेले होते. जाताना दोन पेस्टी घेतल्या, बटाटा आणि मांसाचं सारण भरलेल्या, आपल्या करंजीच्या दांडगट भावासारख्या दिसणाऱ्या. आत मीठमिरीपलीकडे काही नाही, तरी त्या थंडीत हातात धरायला इतकी बरी वाटली की मी अर्धा रस्ता ती खाल्लीच नाही, नुसती धरून चालले.

पुतळ्याचा आदर मलाही आहे. पण मी वाचलेलं बाहेर काढलं, कारण तोवर माझ्या अंगात आलं होतं. लॉफ्टहाउस खेळत होते तेव्हा इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. शेवटी शेवटी आठवड्याला 20 पौंड. दुसरीकडे गेलं तरी तेवढेच, मग जाणार कशाला? आणि जायचं म्हटलं तरी करार संपल्यावरसुद्धा क्लब खेळाडूची नोंदणी अडकवून ठेवू शकत असे. पगाराची मर्यादा 1961 च्या जानेवारीत उठली, तोवर लॉफ्टहाउस यांची शेवटची मॅच होऊन गेली होती. नोंदणी अडकवण्याचा तो प्रकार 1963 मध्ये ईस्टहॅम नावाच्या खेळाडूच्या खटल्यात कोर्टानं बेकायदा ठरवला. आणि करार संपल्यावर फुकट निघून जाण्याचा हक्क युरोपातल्या खेळाडूंना मिळाला तो 1995 च्या बॉसमन निकालानं. अनेल्का पुढच्याच वर्षी मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये उतरला. दार उघडलं तेव्हाच तो उंबऱ्याशी उभा होता. तो बाहेर पडला यात त्याचं काय चुकलं? दाराला कुलूप असताना घरात बसणाऱ्याच्या निष्ठेचं माप कसं काढणार?

हे सगळं मी अनेल्काबद्दल बोलत होते. निदान तसं मला वाटत होतं.

मस्कतहून निघाले तेव्हा तिथल्या पेशंट बाईंनी विचारलं होतं, “आमचा गुडघा अर्धाच सोडून चाललीस?” दुसरी फिजिओ येणार होती, फाइल व्यवस्थित लिहून ठेवली होती, नोटिसीचा काळ पूर्ण केला होता. तरी तो गुडघा अजून आठवतो. उजवा.

आणि बाजू तरी कुणाची घ्यावी! 2010 च्या वर्ल्डकपला मेक्सिकोविरुद्ध मध्यंतरात अनेल्काचं कोच रेमों दोमेनेकशी वाजलं, अनेल्काला घरी पाठवलं, मग अख्ख्या फ्रेंच संघानं सरावावर बहिष्कार टाकला, याला 18 मॅचची बंदी. 2013 च्या डिसेंबरात वेस्ट ब्रॉमकडून गोल करून ज्यूविरोधी समजली जाणारी हाताची खूण केली. पाच मॅचची बंदी, 80 हजार पौंड दंड. ती खूण मी मुळीच सावरून घेत नाही. आजोबांनी फक्त भुवया वर केल्या.

त्याच बंदीचं शेपूट नेरूळपर्यंत आलं. ऑक्टोबर 2014, आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पहिलाच मोसम, आमच्या दारात मुंबई सिटीची पुण्याशी मॅच. मी आणि धाकटा भाऊ अनेल्काला बघायला गेलो, स्टेशनकडून चालत, हातात वडापाव. अनेल्का बंदीमुळे खेळणारच नव्हता, हे आत गेल्यावर कळलं. मुंबई 5-0 नं जिंकली. तीन गोल मारले आंद्रे मोरित्झ नावाच्या ब्राझिलियननं. (“मोरित्झ? तो त्याच्या आदल्याच मोसमात आमच्याकडे होता!” आजोबा खुर्चीतून अर्धे उठले. तो गेल्याचं मात्र त्यांना काहीच वाटलेलं नाही. म्हणजे प्रेम असलं तरच राग, बाकीच्यांना रजा.)

अनेल्का दिसला तो पुढे, केरळाविरुद्ध. मुंबई एका गोलनं जिंकली, गोल त्याचा. पण मला गोलपेक्षा त्याचं उभं राहणं आठवतंय. पस्तीस वर्षांचा माणूस, हात कमरेवर, ऑक्टोबर हीट संपता संपत नव्हती, शर्ट पाठीला चिकटलेला. बाकीचे पळत होते, हा चालत होता. पाय टाकताना मांडीचा मागचा स्नायू जपतोय हे माझ्यासारखीला वरूनही दिसत होतं, किंवा दिसतंय असं वाटत होतं. मागून कुणीतरी ओरडलं, “अरे पळ की, पैसे घेतलेस ना!” सगळे हसले. मीही हसले होते. हे मी आजोबांना सांगितलं नाही.

आजोबांना आणखीही एक गोष्ट सांगितली नाही, ती जिभेवर आली होती तरी. ते पंधराव्या वर्षी हॉरिचच्या रेल्वे कारखान्यात चिकटले, लोको वर्क्समध्ये. सव्वीस वर्षं एकच गेट, एकच डबा, एकच रस्ता. 1983 मध्ये कारखाना बंद झाला. निष्ठेचं काय झालं, असं विचारून वाद जिंकता आला असता. पण त्यांच्या बैठकीच्या खोलीत कारखान्याचा काळापांढरा फोटो लावलेला आहे. तो बायकोच्या फोटोच्या शेजारी आहे, तिच्यापेक्षा थोडा मोठाच.

त्यांनी पेन मागितलं. ‘किती काळ ओळखता’ या रकान्यात सावकाश अक्षरात लिहिलं, ‘3 वर्षं 7 महिने’. मग बोटांवर काहीतरी मोजलं.

“त्रेचाळीस महिने. अनेल्काच्या दुप्पट होऊन वर आणखी,” ते म्हणाले. सही केली, तारीख घातली, पेनाचं टोपण लावलं. “पासपोर्ट आला की पुढे कुठे?”

माझ्या फोनवर स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसच्या एका नोकरीची मेल मंगळवारपासून उघडून ठेवलेली आहे. पगार बरा आहे, डोंगर आहेत.

मी विचारलं, “अजून एक कप घेणार का?”

“घेतो की. पण साखर तुझ्याइतकी नको.”