कासेलला जाणार असाल तर आधी नदी ओलांडा

"ताई, एका दिवसात होतं सगळं. आणि पायीच होतं." फ्रँकफर्टला राहणाऱ्या माझ्या मावसभावानं हे अगदी मनापासून सांगितलं आणि मी तितक्याच मनापासून ऐकलं. डॉक्युमेंटा म्हणजे जर्मनीतल्या कासेल गावी भरणारं आजच्या कलेचं मोठं प्रदर्शन. तो ते बघून आला होता म्हणजे मधल्या चौकातल्या दोन इमारती बघून आला होता, हे मला कासेलला पोचल्यावर कळलं. २०२२च्या त्या पंधराव्या डॉक्युमेंटाची ३२ ठिकाणं होती. एक दिवस म्हणजे ३२ पैकी धड पाचही होत नाहीत. आणि जी बघण्यासाठी जावं, ती नेमकी चौकापासून लांब, फुल्डा नदीपलीकडं.

हे आत्ता लिहायचं कारण, पुढची डॉक्युमेंटा १२ जून ते १९ सप्टेंबर २०२७ अशी आहे आणि ओळखीतल्या तिघांनी आतापासून विचारायला सुरुवात केली आहे. कलादिग्दर्शक आता नेओमी बेकविथ आहेत, कलाकार वेगळे असतील, ठिकाणंही बदलतील. गाव मात्र तेच, रस्ते तेच, खोल्यांचे भाव चढवणारी माणसंही तीच. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालायची सवय आणि मुरलेले बूट तुमच्याकडे आहेत असं धरूनच पुढचं सांगते.

आधी थोडं, तिथं होतं काय ते. डॉक्युमेंटा १९५५ साली आर्नोल्ड बोडे यांनी सुरू केली, ऑक्टोबर १९४३च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या या गावात. आता ती दर पाच वर्षांनी शंभर दिवस भरते. पंधराव्या खेपेची सूत्रं जकार्ताच्या रुआंग्रुपा या मंडळाकडे होती. त्यांनी शब्द आणला लुंबुंग. इंडोनेशियाच्या गावांतलं तांदळाचं सामाईक कोठार, जादा पीक सगळ्यांनी त्यात टाकायचं आणि वाटप सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बोलावलेले बहुतेक जणही एकेकटे चित्रकार नव्हते, मंडळंच होती. कोणी झोपडपट्टीत मुलांचा वर्ग चालवणारं, कोणी निर्वासितांसाठी घर उघडणारं, कोणी कौलांच्या भट्ट्यांच्या गावात राहून काम करणारं. गॅलरीच्या जोरावर नाही, वर्गणीवर, अनुदानावर आणि चिकाटीवर चालणाऱ्या जागा. प्रत्येकानं आणखी कुणाकुणाला बोलावलं आणि आकडा दीड हजार कलावंतांच्या वर गेला. कलाकारांची यादी जाहीर करताना नावापुढं देश लिहिला नव्हता, तिथली प्रमाणवेळ लिहिली होती. मला ती कल्पना फार आवडली.

रुआंग्रुपाचा दुसरा शब्द नोंगक्रोंग. याला आपल्याकडे चोख प्रतिशब्द आहे: कट्ट्यावर बसणं. हे ध्यानात ठेवून गेलात तर तिथलं निम्मं कोडं सुटतं. कारण भिंतीवरची चित्रं बघत पुढं सरकायचा हिशेब तिथं चालत नव्हता. बसलं, कुणाशी बोललं, तरच काही हाती लागायचं.

आता तो रस्ता.

१९ जुलै, मंगळवार. त्या दोन दिवसांत जर्मनीत काही ठिकाणी पारा चाळीसवर गेला. आपण नागपूर-जळगावची माणसं, चाळीसला काय घाबरायचं, असं म्हणू नका. तिथल्या इमारती ऊन आत धरून ठेवण्यासाठी बांधलेल्या असतात, पंखा कुठं दिसत नाही, आणि दुपारी चार वाजता उतरणारं ऊन रात्री नऊपर्यंत तापतच राहतं. मी सकाळी फ्रीडरिक्सप्लात्सवर म्हणजे मधल्या चौकात सुरुवात केली. तिथल्या फ्रिडेरिचियानुम या संग्रहालयाच्या खांबांवर रोमानियाच्या डान पेर्योव्ह्शीनं काळा रंग देऊन पांढऱ्या रेघांची चित्रं काढली होती, ती बघितली, आत फिरले, आणि दुपारी एकला पायी नदीपलीकडच्या बेटनहाउझेन या भागाकडं निघाले. नकाशावर अडीच-तीन किलोमीटर.

चौकातून उतार, मग फुल्डावरचा पूल, इथपर्यंत ठीक. त्यापुढं एक प्रचंड वाहतुकीचा चौक आहे, प्लात्स देअर डॉइचेन आइनहाइट. तिथं माणसानं भुयारातून जायचं. भुयारातही एक प्रदर्शन मांडलेलं होतं, पण मी बाहेर पडले ती चुकीच्या तोंडानं, परत आत आले, पुन्हा बाहेर. पुढं लाइपत्सिगर श्ट्रासे. चार पदरी रस्ता, कडेला गाड्यांची दुकानं, पेट्रोल पंप, मोठाल्या मोकळ्या फरशा. सावली म्हणून दिव्याच्या खांबाची पट्टी. डांबराचा वास नाकात बसलेला. बाटलीतलं पाणी पुलावरच संपलं होतं. एका बंद शटरच्या पायरीवर बसले तेव्हा बोटं सुजून अंगठी रुतली होती आणि डोळ्यांसमोर पांढरे ठिपके यायला लागले होते. त्याच वेळी शेजारून ट्राम गेली. थंड, अर्धी रिकामी, बेटनहाउझेनचीच.

त्या उन्हाळ्यात जर्मनीत नऊ युरोंचं महिनाभराचं तिकीट होतं, सगळ्या लोकल गाड्यांना आणि ट्रामना चालणारं. ते माझ्या पाकिटात होतं. पायीच होतं म्हणून सांगितलं होतं ना, म्हणून मी चालत होते. तेव्हा स्पष्टच सांगते: पूल ओलांडल्यावरचा तो पट्टा चालू नका. थंडीतही नको, पावसातही नको. त्या रस्त्यात चालून बघण्यासारखं एकही दुकान, झाड, घर मला दिसलं नाही. ट्रामनं पंधरा मिनिटांचं काम आहे. कुणी कितीही हौसेनं "छान वॉक आहे" म्हणालं तरी त्यांना विचारा, तुम्ही स्वतः किती वाजता चालला होतात?

मध्ये हालेनबाड ओस्ट लागतं. १९३०च्या सुमाराचा बंदिस्त जलतरण तलाव, आता पोहायला बंद. तिथं इंडोनेशियातल्या योग्यकार्ताच्या तारिंग पाडी या मंडळाचं काम होतं. तिथला हुकूमशहा सुहार्तोची राजवट कोसळली त्या १९९८ सालचं हे मंडळ. लाकडात कोरलेले छाप, कापडी फलक, आणि बाहेर हिरवळीवर पुठ्ठ्याच्या माणसांचा आख्खा मोर्चा रोवलेला. जमीन, मजूर, लष्कर, धरणं. ज्यानं कधी मोर्चासाठी रात्री जागून फलक रंगवलेत त्याला हे हात लगेच ओळखू येतात. ब्रश नीट धुतला नसला की पुढच्या अक्षरात आधीचा रंग उतरतो, ते सुद्धा दिसत होतं.

याच मंडळाच्या एका फलकामुळं ही डॉक्युमेंटा जगभर बदनाम झाली. २००२चा तो भलामोठा फलक चौकात टांगला होता. त्यात ज्यूंविषयी अत्यंत विषारी अशी दोन चित्रं निघाली, त्यातल्या एकाच्या टोपीवर तर नाझींच्या एसएस या निमलष्करी दलाची अक्षरं. २० जूनला फलक काळ्या कापडानं झाकला, २१ला उतरवला. मी गेले तेव्हा चौकात ती जागा रिकामी होती. माझं मत विचाराल तर ती चित्रं ज्यूद्वेष्टीच होती, आणि ज्या देशात ती टांगली गेली तिथं तर त्याला कसलीच सबब नाही. मंडळानं माफी मागितली ते योग्य केलं. पण ट्रेनमध्ये भेटलेले दोघे जण "आम्ही बघायला जाणारच नाही, सगळं तसलंच आहे" म्हणाले, ते मला पटलं नाही. एका फलकासाठी नैरोबीच्या मुकुरू वस्तीतली पोरं, ढाक्याचे कलाकार, कोपनहेगनचे निर्वासित, सगळ्यांना एकाच पोत्यात घालायचं? राजकीय कला बघायला जाताना चिडायची तयारी ठेवा. चिडा, तिथं उभ्या माणसाशी भांडा, पण न बघता परतू नका.

तलावाच्या पुढं ह्यूबनर आरेआल. बस आणि रेल्वेच्या डब्यांना जोडणारे घडीचे पडदे बनवणाऱ्या कंपनीचा जुना कारखाना. आत शिरले तेव्हा पायांत त्राण नव्हतं. मालीमधल्या सेगूच्या मंडळानं मांडलेल्या बैठका होत्या, तिथं टेकले आणि वीस मिनिटं कुठंही बघितलं नाही. मग कौलांच्या गावचं, पश्चिम जावाच्या जातिवांगीचं काम. मग कोपनहेगनचं ट्रॅम्पोलिन हाउस, आश्रय मागणाऱ्यांसाठी उघडलेली आणि पैशांअभावी २०२०च्या अखेरीस बंद पडलेली जागा. भिंतीवर त्यांच्या छावण्यांच्या हकिगती. उभ्यानं वाचवत नाहीत, आणि बसून वाचल्यावर लगेच उठवत नाही.

आणि मग एका अंधाऱ्या भागात अमोल पाटील. मुंबईचा अमोल के. पाटील. तो तिथं आहे हे मला माहीत होतं, यादीत वाचलं होतं, तरी आत गेल्यावर घसा दाटून आला. आजोबा पोवाडे गाणारे, वडील गिरणी कामगारांच्या जगण्यावर नाटकं लिहिणारे, आणि नातू चाळीतली, सफाई कामगारांची, खालच्या ठरवलेल्या जातीची शरीरं घेऊन जर्मनीतल्या या बंद कारखान्यात आलेला. मंद उजेड, मातकट रंगाची शिल्पं, पडद्यावर चाकाचे बूट घालून सरकणारा माणूस. शेजारी एक म्हाताऱ्या जर्मन बाई वाकून वाचत होत्या. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, तुम्ही तिकडच्या का? मी हो म्हटलं. मग पोवाडा म्हणजे काय ते सांगायचा प्रयत्न केला. शब्द पुरेनात तेव्हा हलक्या आवाजात दोन ओळी म्हणून दाखवल्या, डफाचा ठेका मांडीवर धरून. त्या ऐकत राहिल्या. म्हणाल्या, माझे वडील याच भागात कारखान्यात होते, आमच्याकडे त्यांच्यावर कुणी गाणं केलं नाही.

म्हणून म्हणते, आधी नदी ओलांडा. सकाळी दहाला दारं उघडतात तेव्हा पहिल्या ट्रामनं पूर्वेकडं जा, पाय ताजे असताना. मधला चौक संध्याकाळी. तेव्हा आठपर्यंत उघडं असायचं, त्यामुळं शेवटचे तीन तास चौकाला पुष्कळ होतात. सगळे जण उलटं करतात, चौकात दमतात आणि पूर्वेला जातच नाहीत. माझा मावसभाऊ त्यातलाच.

खोलीचं सांगते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. एका घरी रात्रीला ५५ युरो ठरले होते, निरोपांत लिहिलेलं. दारात पोचल्यावर घरमालकानं ८५ सांगितले: "डॉक्युमेंटाचा दर". शिवाय चादरींचे वेगळे, शिवाय रोख. रात्रीचे साडेनऊ, हातात सामान, मी दिले. तीन रात्रींत ९० युरो जादा आणि चादरींचे वर. दोन दिवसांच्या प्रवेशिकेला ४५ युरो लागले होते, म्हणजे दोन माणसांची दोन-दोन दिवसांची प्रवेशिका त्या दारात गेली. ओळखीचं कुणी नसेल तर कासेलमध्ये राहूच नका. गोटिंगेनला राहा. वेगवान गाडीनं वीस मिनिटं, लोकलनं तासाभराचा रस्ता. विद्यार्थ्यांचं गाव आहे, रात्री उशिरापर्यंत खायला मिळतं. कासेललाच राहायचं असेल तर आधी पूर्ण पैसे भरून पावती घ्या आणि दारात एक युरोही वाढवू नका.

स्टेशनांचा घोळ लक्षात ठेवा. कासेल हाउप्टबानहोफ म्हणजे मुख्य स्टेशन हे नुसतं नावाला मुख्य. लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या कासेल-विल्हेल्म्सह्योएला थांबतात, ते गावाच्या पश्चिमेला. परतीच्या गाडीसाठी कुठं जायचं ते आदल्या रात्री बघा. रविवारी किराणा दुकानं बंद, तेव्हा शनिवारीच पाणी आणि फळं आणून ठेवा. बाटली दीड लिटरची घ्या, अर्ध्या लिटरची नको.

बुधवारी कार्ल्सआउए बागेत होते. नैरोबीच्या नेस्ट कलेक्टिव्हनं युरोपातून आफ्रिकेत टाकल्या जाणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांची खोली उभी केली होती, ती चुकवण्यासारखी नव्हती. बाकी बाग बागेसारखी. ढाक्याच्या ब्रिटो मंडळाचं डॉक्युमेंटा हाले या प्रदर्शनगृहामागचं बांबूचं 'पाकघर' आणि आतला 'रसद' हा बाजार मात्र अर्धा दिवस मागतो. दोन्ही शब्द आपलेच, पाटी वाचून मी चमकलेच. वांगी, मासे, डबे, सगळं मातीचं, धातूचं, विणलेलं. पाकघरात रोज वेगळ्या देशाची माणसं रांधायची. खाऊन भांडी आपण विसळायला घेतली की गप्पा आपोआप सुरू होतात.

गुरुवारी माझी गाडी संध्याकाळची होती. चौकातली उरलेली तीन ठिकाणं सोडून दिली आणि ट्रामनं पुन्हा ह्यूबनरला गेले. सामान लॉकरमध्ये, हातात पाण्याची भरलेली बाटली. लाइपत्सिगर श्ट्रासेवरचं ते बंद शटर खिडकीतून मागं गेलं. त्या अंधाऱ्या भागात आज माझ्याशिवाय कुणी नव्हतं. दीड तास बसले.