आमची वाटचाल : पानदेठाच्या तपासणीपासून वाइनच्या गुणवहीपर्यंत

पिंपळगाव बसवंतला माझी आणि माझ्या धाकट्या भावाची माती, पाणी आणि पानदेठ तपासून देणारी छोटी प्रयोगशाळा आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडकडचे द्राक्षबागायतदार देठांच्या पिशव्या घेऊन येतात. पोटॅश कमी पडलं का, सोडियम वाढलंय का, एवढं विचारतात आणि अहवाल घेऊन जातात. घर आजही याच कामावर चालतं. पण काही वर्षांपासून आमच्या पाटीवर आणखी एक ओळ आहे, ‘वाइन चाखण्याचे वर्ग व गुणवही’. गुणवही म्हणजे चाखलेल्या वाइनला दिलेले गुण नोंदवायची वही. देठ तपासणाऱ्यांच्या पाटीवर ही ओळ कशी आली, हे येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

राज्य सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि आमच्या भागात थॉमसन, सोनाका या खायच्या द्राक्षांच्या शेजारी शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लांक या वाइनच्या जातींच्या बागा दिसू लागल्या. खायच्या द्राक्षाचा मणी फुगवायचा असतो. वाइनच्या द्राक्षात उलट, मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. प्रयोगशाळेत आम्ही या मण्यांचा रस काढून ब्रिक्स (म्हणजे साखरेचं प्रमाण), आम्लता, पीएच मोजून द्यायचो. वायनरीची गाडी त्या आकड्यांवर माल उचलायची. पुढे २००८-०९च्या मंदीत मागणी आटली, बऱ्याच जणांनी वेली उपटून पुन्हा थॉमसन लावली. जे टिकले त्यांच्यातले एक नाना दर हंगामात मला एकच प्रश्न विचारायचे, “ताई, तेवीस ब्रिक्सला माल दिला, ते तू मोजलंस. पण वाइन चांगली झाली का गं?”

मला सांगता येत नव्हतं. रसातली साखर यंत्र सांगतं, पण पिंपातून बाटलीत आलेली वाइन चांगली की बरी, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते माणसानेच ठरवायचं. मग ते माणसाने कसं ठरवायचं, हे शिकून घ्यायला आम्ही बहीण-भावाने सुरुवात केली. आमच्यापैकी कुणीही वाइनचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही. आम्ही हौशी आहोत आणि हौशी माणसाला शिस्त लावून किती लांब जाता येतं, हाच आमच्या या सगळ्या कामाचा विषय आहे.

शनिवारी संध्याकाळी जमणारा एक गट झाला. त्यात वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका होत्या, बँकेतले दोघे, एक वैद्य आणि नाना. ओळखीच्या एका वायनरीने पर्यटकांची गर्दी ओसरल्यावर त्यांची टेस्टिंग रूम वापरू दिली, कारण परवाना असलेल्या जागेबाहेर असे वर्ग घ्यायचे नाहीत हे आम्ही पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. वर्गणी काढून बाटल्या आणायच्या, भावाने त्या आतल्या खोलीत वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांवर आकडे घालायचे आणि मगच बाहेर आणायच्या.

लेबल झाकण्याचा आग्रह का, हे नवीन माणसाला सांगताना मी पॅरिसची हकीकत सांगते. २४ मे १९७६ रोजी स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने तिथे फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्स आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन लेबल न दाखवता ठेवल्या. त्यात पांढऱ्यांमध्ये शातो मोंटेलेना आणि तांबड्यांमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही कॅलिफोर्नियाच्या, पहिल्या आल्या. बाटल्या उघड्या असत्या तर हा निकाल लागला नसता, याबद्दल मला शंका नाही. आमच्या टेबलावरही तेच घडतं. परदेशी महाग बाटलीला मान डोलावणारी माणसं कागदाआडच्या दिंडोरीच्या वाइनला तिच्यापेक्षा जास्त गुण देतात, कधी उलटही होतं. दोन्ही वेळा तो गुण खरा असतो.

गुण किती पैकी द्यायचे, यावर आमच्याकडे खूप वाद झाले. अमेरिकेच्या रॉबर्ट पार्कर यांनी १९७८पासून रुळवलेली शंभर गुणांची पट्टी जगभर चालते. तिची सुरुवातच पन्नासपासून होते आणि दुकानात दिसणारे आकडे बहुतेक ऐंशीच्या पुढचे. सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी यांत नेमका काय फरक, हे आमच्यातल्या कुणालाच शब्दांत सांगता येईना. मग कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात मेनार्ड अमेरीन आणि सहकाऱ्यांनी बसवलेली वीस गुणांची पद्धत घेतली आणि त्यातली वाटणी आमच्यापुरती सोपी केली. रूपाला २, वासाला ६, चवीला ८ आणि तोल व घोट गिळल्यावर मागे राहणारी चव यांना मिळून ४. रूपाला दोनच, कारण रंग माणसाला फार सहज चकवतो. फ्रान्समधल्या बोर्डोमध्ये वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या चोपन्न विद्यार्थ्यांना संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला तांबडा रंग घालून दिला होता. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन करताना तांबड्या वाइनचेच शब्द वापरले. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आम्ही नवीन गटासोबत हा प्रयोग आवर्जून करतो आणि त्यानंतर रंगाच्या रकान्यावर कुणी रेंगाळत नाही.

वर्गात एकच कडक नियम आहे : आधी लिहा, मग बोला. एकाने मोठ्याने “पेरू” म्हटलं की पुढच्या मिनिटात सगळ्यांनाच पेरूचा वास यायला लागतो. म्हणून गुणपत्रिका भरून उलटी ठेवेपर्यंत टेबलावर शांतता असते.

आता आमच्या कामाच्या गाभ्याकडे येते. प्रयोगशाळेत एकच नमुना न सांगता दोनदा तपासायची जुनी रीत आहे. दोन्ही आकडे जवळ आले तर यंत्रावर विश्वास ठेवायचा, लांब गेले तर यंत्र आधी दुरुस्त करायचं. वाइन चाखणारा माणूस हेही एक मोजमापाचं साधनच आहे, मग त्याची तपासणी का नको? म्हणून प्रत्येक बैठकीत एक वाइन दोन वेगळ्या आकड्यांखाली दोनदा येते. कुठली ते फक्त भावाला माहीत असतं. शेवटी कागद उघडले की प्रत्येकाला स्वतःच्या दोन गुणांतला फरक कळतो. कुणाचा अर्धा गुण, कुणाचा चार.

हे कळल्यावर काही जण हिरमुसतात. त्यांना मी रॉबर्ट हॉजसन यांचं काम सांगते. ते निवृत्त प्राध्यापक आणि स्वतः वायनरीचे मालक. कॅलिफोर्निया राज्य मेळ्याच्या स्पर्धेत त्यांनी नामांकित परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन त्याच बैठकीत तीनदा दिली आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. शंभराच्या पट्टीवर परीक्षकांचे गुण साधारण चार अंकांनी वर-खाली होत होते आणि दहातला एखादाच स्वतःशी सुसंगत राहिला. काहींनी यावरून गुण देणं हीच फसवणूक ठरवली. मला ते पटत नाही. मोजमापात चूक असते म्हणून कुणी मोजणं सोडत नाही, चूक किती ते सोबत लिहितो. आमच्या गुणवहीत म्हणूनच प्रत्येक गुणाशेजारी त्या माणसाचा फरक लिहायचा रकाना आहे. फरक दोनच्या आत आल्याशिवाय त्याचे गुण गटाच्या सरासरीत धरले जात नाहीत. बहुतेकांना तिथवर यायला एक-दोन हंगाम लागतात, पण येतात. हौशी माणूस सरावाने विश्वासार्ह होतो, हे मी इतक्या जणांच्या वह्यांत पाहिलं आहे की त्याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

वास ओळखायला शिकवणं हा कामाचा सर्वांत आनंदाचा भाग. ॲन नोबल यांनी १९८४ साली डेव्हिसमध्ये वासांचं चक्र तयार केलं, त्याचा आधार घेऊन आम्ही झाकणाच्या छोट्या बरण्या मांडतो. नुकती चिरलेली ढोबळी मिरची, पिकलेला पेरू, जांभूळ, लवंग, ठेचलेली काळी मिरी, लोणी. नाशिकच्या सोविन्यॉं ब्लांक या पांढऱ्या वाइनमध्ये ढोबळी मिरची बऱ्याचदा सापडते. त्या वासामागे पायराझिन वर्गातली द्रव्यं असतात आणि द्राक्ष कोवळं तोडलं की ती जास्त राहतात. म्हणजे ग्लासातला वास थेट तोडणीच्या तारखेशी जोडलेला आहे. बागायतदाराला हे सांगितलं की त्याचे डोळे चमकतात, कारण तोडणीची तारीख हा त्याचा प्रांत.

शिराझमधल्या मिरीच्या वासाची गोष्ट वेगळी. तो रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ते दाखवून दिलं आणि साधारण पाचातल्या एका माणसाला तो वास येतच नाही, हेही तेव्हाच कळलं. एक ताई तीन बैठका शिराझमध्ये मिरी शोधत होत्या आणि आपल्याला काही जमत नाही असं समजून येणं थांबवणार होत्या. ठेचलेल्या मिरीचा वास त्यांना स्वच्छ येई, वाइनमधला मात्र येत नव्हता. मी त्यांना हे संशोधन सांगितलं. आज आंबटपणाच्या पारखीत त्या गटात सर्वांत पक्क्या आहेत.

चांगल्या वासांइतकेच बिघाडाचे वासही शिकवतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बाधलेलं. नेलपॉलिशची किंवा व्हिनेगरची झाक आली तर आंबण्यात गडबड. आपल्याकडे सर्वांत जास्त भेटते ती उन्हाने भाजलेली वाइन. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या दुकानात उभी राहिलेली बाटली उघडली की फळाचा ताजेपणा गेलेला असतो आणि शिजवल्यासारखा गोडसर वास उरतो. यासाठी आम्ही एकाच वाइनच्या दोन बाटल्या आणतो, एक थंड जागी आणि एक पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो आणि उन्हाळा संपता संपता शेजारी-शेजारी ओततो. वायनरीला नावं ठेवण्याआधी बाटली कुठून कशी आली ते विचारायचं, हे या एका बैठकीत समजतं.

थुंकायच्या पेल्याबद्दल लोक कचरतात. तोंडात घेतलेलं टाकून देणं आपल्या संस्कारात बसत नाही. पण सहा-आठ ग्लास गिळून कुणालाही शेवटच्या वाइनला न्याय देता येणार नाही, शिवाय घरी गाडी चालवत जायचं असतं. म्हणून मी आणि भाऊ सर्वांदेखत आधी थुंकतो. एकवीस वर्षांखालच्या कुणालाही वर्गात घेत नाही. ग्लास फक्त गरम पाण्याने धुतो, साबणाचा वास राहू नये म्हणून. मधे खायला बिनमिठाचे कुरमुरे.

गटाचा व्यवसाय झाला तो टेस्टिंग रूममधल्या मुलामुलींमुळे. गंगापूर, दिंडोरी, इगतपुरीकडच्या गावांतली ही मुलं पर्यटकांना दिवसभर वाइन ओतून देतात, पाठ केलेलं वर्णन म्हणून दाखवतात, पण बहुतेकांनी ते कधी स्वतः पारखलेलं नसतं. एका वायनरीने त्यांना शिकवायचं काम दिलं, मग दुसरीने, मग नाशिकच्या हॉटेलांनी. गुणवही मराठीत छापली तीही याच मुलांसाठी. २०२०च्या टाळेबंदीत वर्ग बंद पडले तेव्हा पुणे, ठाणे, बंगळूरची मंडळी आपापल्या गावात एकच लेबल विकत घेऊन ठरलेल्या वेळी घरी चाखायची, गुणपत्रिकेचा फोटो आधी पाठवायची आणि मग फोनवर बोलायची. तो गट अजून टिकून आहे.

पैशाबद्दल स्पष्ट सांगते. या शाखेतून बाटल्यांचा खर्च, छपाई आणि एका मदतनिसाचा पगार निघतो, फार उरत नाही. आम्ही वाइन विकत नाही, कुणाकडून दलाली घेत नाही. ज्या वायनरीचं प्रशिक्षणाचं काम घेतो, तिच्या वाइनला त्या वर्षी गटात गुण देत नाही. यामुळे काही कामं हातची गेली, तरी हा नियम बदलणार नाही. गुणवहीची किंमत तेवढ्यावरच उभी आहे.

मला सर्वांत जवळची बैठक मे महिन्यातली. हंगाम संपल्यावरची खरड छाटणी झालेली असते, देठ तपासायला यायला अवकाश असतो, प्रयोगशाळाही रिकामी असते. तेव्हा बागायतदारांसाठी वेगळा वर्ग घेतो. ज्यांच्या बागेतून माल जातो, त्यांच्यातल्या अनेकांनी त्या जातीची वाइन कधी जवळून पाहिलेली नसते. ही माणसं मणी चावून, बी किती तपकिरी झालं ते पाहून पक्वता ठरवणारी. आंबटपणाचा बारीक फरक ते पहिल्याच दिवशी पकडतात, शहरातल्यांना जे महिनोन्‌महिने जमत नाही. काही माळकरी असतात. ते घोट घेत नाहीत, पण येतात. त्यांच्यासाठी वेगळा कागद काढला आहे, रूप आणि वास मिळून आठ गुणांचा. ग्लास हातात फिरवून, डोळे मिटून ते इतक्या निगुतीने वास घेतात की त्यांचे दोन वेळचे गुण अनेकदा तंतोतंत जुळतात.

नानांच्या प्रश्नाला आता उत्तर देता येतं. त्यांचा माल इतरांच्या मालात मिसळून जातो, त्यामुळे एकट्या त्यांच्या बागेचं सांगता येत नाही. पण त्या वायनरीच्या त्या सालच्या शिराझला गटाने वीसपैकी किती दिले आणि आधीच्या सालापेक्षा ती कशात उजवी किंवा डावी, हे वहीत असतं. आम्लता कमी पडली असं आलं तर पुढच्या तोडणीला किती दिवस आधी जायचं, यावर नाना वायनरीच्या माणसाशी बोलतात.

पुढचं काम ठरलं आहे. नाशिकच्या तांबड्या वाइन किती वर्षं टिकतात यावर लोक ठासून बोलतात, पण वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदी फारशा दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक सालच्या निवडक शिराझ आणि कॅबरनेच्या बाटल्या आम्ही थंड खोलीत आडव्या ठेवू लागलो आहोत. जोडीला अकलूजकडची सांजोव्हेजे ही तांबडी वाइनही आहे. पहिली तुकडी पाच वर्षांची झाली की ती त्याच लोकांसमोर, तशीच कागदात गुंडाळून उघडायची आणि गुण जुन्या पानाशेजारी लिहायचे. यंदाच्या मेच्या वर्गाची नावनोंदणी प्रयोगशाळेतच होते. बागायतदारांना शुल्क नाही. येताना अत्तर लावू नये आणि तासभर आधीपासून तंबाखू, मसाल्याचा चहा टाळावा, एवढी विनंती.