यरमूकला तलवारीएवढीच जमीनही लढली

मुस्लिम अरबांचा सेनापती खालिद बिन वलीद याने यरमूकला रोमन लोकांना (म्हणजे पूर्वेकडच्या, बायझंटाईन साम्राज्याला) हरवलं, एवढं एक वाक्य बऱ्याच जणांना पाठ असतं, पण यरमूकचा नकाशा समोर ठेवून बसल्याशिवाय ती लढाई कळत नाही असं माझं अगदी ठाम मत आहे.

लढाई ऑगस्ट ६३६ ची. सिरियाच्या दक्षिणेला गोलानजवळचं पठार, वरून सपाट, घोडे पळवायला मस्त, पण कडेला यरमूक आणि रुक्काद नद्यांच्या खोल दऱ्या. आपल्या चोपडा-यावलकडच्या माणसाला हे लगेच समजेल, तापीकाठी केळीचं शेत सरळ चाललेलं असतं अन् एकदम पुढ्यात घळ उघडते ना तसंच, फक्त तिथली खोली कितीतरी जास्त. रोमन सैन्याने पाठ त्या दऱ्यांकडे करून तळ टाकला. बाजू सुरक्षित राहते हे खरंच, पण माघार घ्यायची वेळ आली तर जाणार कुठे? सहा दिवस लढाई चालली म्हणतात, शेवटी खालिदच्या घोडदळाने रोमन घोडदळ पळवून लावलं आणि पायदळ एकटं पडलं, अरब इतिहासकार सांगतात की कितीतरी माणसं पळताना दरीत पडून मेली. रोमन सैन्याचे त्यांनी दिलेले दोन-दोन लाखांचे आकडे मात्र आजचे अभ्यासक मानत नाहीत, आणि मलाही ते पटत नाहीत, एवढ्या माणसांना अन् जनावरांना त्या उन्हात पाणी कुठून पाजणार?

आणि पैशाचं बघा. ६०२ ते ६२८ रोम आणि इराण एकमेकांशी लढत होते, ६१४ ला जेरुसलेम गेलं, मग इजिप्त गेलं, सम्राट हेराक्लियसने सगळं परत मिळवलं पण तिजोरी रिकामी. वाळवंटाची सीमा राखणाऱ्या अरब टोळ्यांचे पैसे थकवले, असं ग्रीक इतिहासकार थिओफानेसच लिहितो. ज्यांना वाटा माहीत होत्या तेच नाराज! रोमन हरले त्याचं मला हे कारण फार मोठं वाटतं.

दुसरं म्हणजे सगळं श्रेय खालिदला देताना अबू उबैदाला विसरतात लोक, सिरियातला मुख्य सेनापती म्हणून खलिफा उमरने त्यालाच नेमलं होतं, खालिदला बाजूला करून. तरी खालिद त्याच्या हाताखाली लढला. अबू उबैदा पुढे ६३९ च्या सुमाराला पॅलेस्टाईनमधल्या अमवासच्या प्लेगमध्ये गेला, त्याच्यासोबत सैन्यातले हजारो जण गेले.