पवनचक्क्यांच्या मुरमाच्या वाटेवर

डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात महिन्यातून दोन रविवार तरी मी पहाटे साडेपाचला साताऱ्याच्या समर्थ मंदिरावरून बोगद्याकडे सायकल वळवतो. बोगदा ओलांडला की शहर मागे पडते, परळीच्या खोऱ्यातला गारठा कानांना झोंबू लागतो आणि सज्जनगडाची कड उजाडण्याआधीच्या आभाळावर काळी उमटलेली दिसते. गडाचा फाटा सोडून रस्ता ठोसेघरकडे चढतो. साताऱ्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर चाळकेवाडीचे पठार लागते. तिथे डांबरी रस्ता सोडून मुरमाच्या वाटेला चाक लागले की आठवडाभराचा शीण उतरतो. त्यानंतरचे चार-पाच तास एखाददुसरी जीप सोडली तर वाहन भेटत नाही.

पूर्वी मी इतरांसारखा डांबरी रस्त्यांवरच सायकल चालवत असे. महामार्गालगत एका मालट्रकने ओव्हरटेक करताना मला साइडपट्टीच्या खाली उतरवले. खांदा निखळला आणि दोन महिने घरी बसावे लागले. कासकडे जाणारा यवतेश्वरचा घाट मला आजही प्रिय आहे, पण २०१२ मध्ये कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून सप्टेंबर महिन्यातल्या सुट्टीच्या दिवशी त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातून सायकलने जाणे म्हणजे चढाबरोबर धूरही पोटात घेणे आहे. फुलांच्या दिवसांत तिथे न जाणे हेच त्या पठारावरचे प्रेम आहे, असे मला मनापासून वाटते. सायकल घेऊन फुलांच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या त्या सपाट माथ्यावर, शिरण्याचा तर विचारही कोणी करू नये, कारण कातळावरची ती बोटभर माती साचायला पिढ्यान्पिढ्या जातात आणि उखडायला एक ओले चाक पुरते.

मग निवांत वाटा कुठे शोधायच्या? मला त्या पवनचक्क्यांच्या पायथ्याशी सापडल्या. चाळकेवाडीपासून पाटण तालुक्यातल्या वनकुसवड्याकडे आणि पलीकडे सडावाघापूरच्या सड्यावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून शेकडो पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येक मनोऱ्यापर्यंत लांबलचक पाती आणि अवजड यंत्रे घेऊन ट्रेलर पोचवायचे होते, म्हणून त्यासाठी जे रस्ते केले, त्यांची वळणे रुंद आणि चढ बेताचे ठेवावे लागले. काम संपले, ट्रेलर गेले, आणि मागे मुरमाच्या रस्त्यांचे जाळे राहिले, ज्यावरून आता फक्त देखभालीची जीप, रखवालदाराची मोटारसायकल आणि म्हशींचे कळप जातात. हौशी सायकलस्वारासाठी मुद्दाम आखायचे म्हटले असते, तरी एवढे चांगले रस्ते कोणी आखले नसते. दाट धुक्यात मोबाइलवरचा नकाशा आणि समोरची वाट यांचा मेळ बसत नाही, तेव्हा मनोऱ्यांवर रंगवलेले क्रमांक कामी येतात. रखवालदारही वाट सांगताना क्रमांकच सांगतात. कित्येकदा तर पवनचक्की दिसतच नाही, फक्त डोक्यावरून पाती फिरल्याचा घरघरता आवाज येत राहतो आणि आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या श्वासाखालून जात आहोत, असे वाटते.

या रस्त्यांसाठी ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यांवरही चालणारी, रेसिंग सायकलच्या घडणीची सायकल) घ्यावी की साधी एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, असे मला नेहमी विचारले जाते. नुसत्या मुरमासाठी दोन्ही चालतील. परंतु साताऱ्याहून निघून साताऱ्याला परतायचे असेल, तर साठेक किलोमीटर डांबर आणि चाळीसेक किलोमीटर कच्चा रस्ता असा हिशेब होतो, आणि तिथे रेसिंग सायकलसारखे खाली वळलेले हँडल, डिस्क ब्रेक आणि ४० ते ४५ मिलीमीटर रुंदीचे टायर असलेली ग्रॅव्हल बाइक फार सोयीची ठरते. टायरमधली हवा हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. रोड बाइकच्या सवयीने लोक टायर दगडासारखे टणक भरतात आणि मग हात बधिर झाले म्हणून तक्रार करतात. माझे वजन सत्तर किलोच्या आसपास आहे. मी पुढच्या टायरात ३० आणि मागच्यात ३४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा ठेवतो. एवढ्या हवेवर टायर खड्यांभोवती थोडा दबतो, पकड वाढते आणि चाक उसळ्या घेत नाही. ट्यूबलेस टायर असेल तर काट्याने पडलेले बारीक भोक आतले सीलंट, म्हणजे टायरात घातलेला चिकट द्रव, आपोआप बुजवते, हेही खरे.

मुरूम सगळीकडे सारखा नसतो. पावसाळा नुकताच संपलेला असताना तो बसलेला, घट्ट असतो आणि सायकल सुरेख पळते. फेब्रुवारी उजाडेपर्यंत वरचा थर सुटून टणक तळावर बारीक खडे मोकळे होतात आणि उतारावर अंगणात सांडलेल्या जोंधळ्यावरून चालल्यासारखे होते. अशा ठिकाणी ब्रेक वळणाच्या आधी लावून घ्यावा, वळणात लावू नये, आणि वजन मागे ठेवून हँडलवरची मूठ सैल ठेवावी. जीपची चाके सतत गेलेल्या सरळ पट्ट्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात. तिथे रस्त्याची कड धरणे बरे. सर्वांत जपावे लागते ते जांभ्याला. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्ट झिजून, त्यातले बरेच काही धुऊन जाऊन जो लोह आणि ॲल्युमिनियमयुक्त थर उरला, तो हा तांबडा, पोळ्यासारखा छिद्रांचा दगड. दिसायला भुसभुशीत, पण फुटलेल्या कडेची धार विळ्यासारखी. अमेरिकेत कॅन्ससच्या फ्लिंट हिल्स भागात २००६ मध्ये सुरू झालेली २०० मैलांची शर्यत ग्रॅव्हलच्या जगात तिथल्या टायर कापणाऱ्या गारगोट्यांसाठी ओळखली जाते. त्या गारगोट्या मी पाहिलेल्या नाहीत, पण जांभा मला चांगला ठाऊक आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत वनकुसवड्याच्या अलीकडे एका उतारावर अशाच दगडाने माझ्या मागच्या टायरची बाजू दोन बोटे लांब चिरली. पांढरे सीलंट फवाऱ्यासारखे पायावर उडाले आणि दहा सेकंदांत रिम जमिनीला टेकली. ट्यूब जवळ होती, पण एवढ्या चिरेतून ती फुग्यासारखी बाहेर आली असती. मोबाइलला रेंज नव्हती. सायकल ढकलत अर्धा तास चालल्यावर गवळी धनगरांची चार घरांची वाडी दिसली. कुत्री अंगावर धावून आली, तेव्हा नेहमीप्रमाणे सायकल मध्ये धरून जागच्या जागी उभा राहिलो (पळणाऱ्या सायकलच्या मागे ती हमखास लागतात), आणि एका आजीने त्यांना हाकलले.

“उन्हाचं कुठनं आलास रं पोरा?” असे विचारून तिने आधी तांब्याभर ताक दिले. मग टायर हातात घेऊन चीर बोटाने चाचपली आणि म्हणाली, “हे तर शिवायचंच काम हाय. दाभण हाय की घरात.” पोती शिवायचे ते दाभण आणि सुतळी घेऊन ती उंबऱ्यावर बसली. तळहाताला चिंधी गुंडाळून तिने दाभण रबरातून पार केले, प्रत्येक टाका आडवा घालून दातांनी ताणून घट्ट केला आणि एकूण सात टाके घातले. खताच्या रिकाम्या पोत्याचा तुकडा चौपदरी घडी करून मी आतून लावला, ट्यूब भरली आणि जेमतेम २५ पीएसआय हवा घालून हळूहळू साताऱ्यापर्यंत आलो. एकही टाका सुटला नाही.

त्या तासाभरात आजीने तिच्या वाटेविषयी जे सांगितले, ते मी विसरू शकलो नाही. मला जी वाट निवांत वाटते, त्याच वाटेने तिच्या सुनेला पहिल्या बाळंतपणासाठी डोलीत घालून खालच्या गावापर्यंत न्यावे लागले होते. कोयनेच्या धरणापायी खोऱ्यातली कितीतरी गावे उठली, पुढे १९८५ मध्ये अभयारण्य झाले आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. या डोंगरातली शांतता अशी माणसे गेल्यामुळेही आलेली आहे. जंगल राखलेच पाहिजे, आणि म्हणून गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय मी चाक घालत नाही, दिवस कलायच्या आत सड्यावरून उतरतो आणि गवा दिसला तर तो जाईपर्यंत थांबतो. मात्र वाडीचा रस्ता कच्चाच राहावा, अशी इच्छा धरण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. सायकलवाल्यांच्या गप्पांत “इथे डांबर आले म्हणजे मजा गेली” असे कोणी म्हणते, तेव्हा मी ते खोडून काढतो.

यंदाच्या जानेवारीत पुन्हा तिकडे गेलो, तेव्हा वाडीकडे वळणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना खडीचे ढीग पडले होते. सायकल हातात धरून त्यांच्यामधून चालत गेलो. आजीने मला ओळखले. “आता गाडी दारात येती बघ,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका फुलला होता की मलाही भरून आले. मी तिच्यासाठी साताऱ्याचे कंदी पेढे नेले होते. माझ्या सायकलच्या सीटखालच्या पिशवीत आता पंप आणि ट्यूबबरोबर दाभण आणि मेण लावलेला दोराही असतो, तो काढून तिला दाखवला. तिने दाभण उजेडात धरले, अंगठ्याने टोक पाहिले आणि मान हलवली.

“लई बारीक हाय हे. पोत्याला चालंल, टायरात मोडंल. बाजाराला गेलास की जाड घे.”